फोन वाजू नये म्हणून

योरीन पास झाली तर पुढे काय, ही काळजी देकर सरांनी एप्रिलमध्येच माझ्याजवळ बोलून दाखवली होती. ती नापास होईल असं त्यांना एकदाही वाटलं नव्हतं.

मी शाळेत गेले होते ते खरं तर आभार मानायला. मार्चमध्ये पपा गेले, स्वतःच्या सायकलच्या दुकानात, एका चाकाचे आरे ताणताना. शाळेने योरीनला शेवटच्या वर्षाची परीक्षा पुढे ढकलायची मुभा देऊ केली होती. तिने नको म्हटलं. अंत्यविधी शुक्रवारी झाला आणि सोमवारी ती पाठीला दप्तर लावून, वाऱ्याकडे तोंड करून बांधाच्या रस्त्याने शाळेत गेली. तिची आई इनेके, पपांची दुसरी बायको, योरीन सात वर्षांची असताना पोर्तुगालला निघून गेली होती. माझी आई त्याच्याही आधी वारली होती. तेव्हा योरीनजवळ राहायला उरले मी, तिच्या दुप्पट वयाची सावत्र बहीण. उत्रेख्तच्या ग्रंथालयातून बिनपगारी रजा घेऊन मी पपांच्या घरी राहायला आले.

"एकही तास बुडवलेला नाही तिनं," देकर सर म्हणाले. ते भौतिकशास्त्र शिकवायचे आणि तिचे वर्गशिक्षक होते.

"हो. सगळे म्हणतात, फार खंबीर पोरगी आहे."

"मला तेच खुपतंय. रडते का घरी?"

"माझ्यासमोर नाही."

"भांडते? दार आपटते? उशिरा येते? खोटं बोलते?"

"नाही. भांडीसुद्धा घासते."

"हानेके, सतरा वर्षांची आहे ती. यातलं एखादं तरी करायला हवं होतं." त्यांनी मशीनच्या कॉफीचा कप बाजूला सरकवला. "स्केट्स देऊन टाकलेत तिनं, माहीत आहे? वर्गातल्या रूसला."

मला माहीत नव्हतं. ते स्केट्स पपांनी तिला घेतले होते, पात्यांना स्वतः धार लावून ठेवायचे.

"पुढे कुठे शिकणार ते तिनं अजून ठरवलेलं नाही. विचारलं की म्हणते, आधी परीक्षा होऊ दे. ही परीक्षा म्हणजे तिनं धरलेला कठडा आहे. परीक्षेत ती पडणार नाही. कठडा संपतो त्या दिवसाची मला भीती वाटते."

"मग मी काय करू?"

"विचारा तिला. आडवळणानं नको. मरावंसं वाटतं का, असं सरळ विचारा."

मी म्हटलं, असं विचारून नसलेली गोष्ट तिच्या डोक्यात शिरेल.

"नाही शिरत. ही भीती प्रत्येकालाच वाटते. असलंच काही, तर ते ती आत्ता एकटी वाहते आहे, एवढंच."

मी ग्रंथपाल आहे. माणसांना विचारण्याआधी पुस्तकांना विचारते. त्या महिन्यात मी या वयाच्या मुलांबद्दल मिळेल ते वाचलं. एका ठिकाणी होतं की या वयात दुःख बहुतेक वेळा रागाचे कपडे घालून येतं. योरीनचं दुःख इस्त्रीचे कपडे घालून आलं होतं. ती सकाळी उठायची, पावावर लोणी आणि चॉकलेटचा चुरा घालून खायची, ताट विसळायची. मला "गुड मॉर्निंग" म्हणायची. तिचा डबा भरू का म्हणून मी एक-दोनदा विचारलं. डबा कुठेतरी हरवलाय, मी कॅन्टीनमध्ये खाते, म्हणाली.

विचारायचा प्रयत्न मी रोज करत होते. भांडी पुसताना शब्द ओठांपर्यंत यायचे आणि मी म्हणायचे, "उद्या पाऊस आहे, रेनकोट घेशील ना?" आमच्या भागात न विचारता कुणी कुणाच्या घरी जात नाही, मग मनात शिरणं तर दूरच. दुकानात दुरुस्तीला दिलेल्या सायकली न्यायला लोक यायचे, माझा हात हातात घ्यायचे, "वडिलांबद्दल वाईट वाटलं" म्हणायचे आणि पुढच्या चाकाला वंगण घातलंय का ते बघायचे. मीही त्यांना तितकंच बोलू द्यायचे. मला स्वतःला विचारलं असतं तरी मी हवापाण्याचंच सांगितलं असतं. पपांची गळाबंद निळी जर्सी दुकानाच्या दारामागे टांगलेली होती. तिच्याजवळून मी अंग चोरून जायचे.

निकालाचा दिवस जूनच्या मध्यात आला. आमच्या नेदरलँड्समधली पद्धत अशी की जे नापास होतात त्यांना वर्गशिक्षक आधी फोन करतात, एक ते दोनच्या दरम्यान. दोन वाजून गेले आणि फोन वाजला नाही की पास. मग घरावर झेंडा लावायचा आणि काठीच्या टोकाला मुलाचं दप्तर टांगायचं. गल्लीतून जाणारा-येणारा वर बघतो, सायकलची घंटी वाजवतो. कुणाच्या घरी यंदा काठी रिकामी आहे, तेही सगळ्यांना कळतं.

एकच्या सुमारास शेजारच्या त्रूस मावशी गुलाबी आयसिंगच्या केकचा खोका घेऊन आल्या. त्या सत्तरीच्या, चालायला ताठ, बोलायला त्याहून ताठ. पपांशी त्यांचं तीस वर्षं कुंपणावरून भांडण आणि प्रेम दोन्ही चाललं होतं.

"ही कॉफी आहे का?" कप नाकाशी नेत त्या म्हणाल्या. "हानेके, कपाचा तळ दिसतोय गं. तुझ्या बापाची कॉफी चमच्यानं खावी लागायची."

"साखर पुढे करू?"

"साखरेनं काय होणार? पाणी गोड होईल." मग योरीनकडे वळून, "काय गं, पोटात गोळा आला की नाही? माझ्या मुलाच्या वेळी मी संडासातून बाहेर पडले नव्हते."

"ठीक आहे मी, मावशी."

"ठीक आहे म्हणते. बघ, बापावर गेली आहे. छप्पर उडालं तरी म्हणेल, हवा छान येते."

योरीन हसली. तिचा फोन टेबलाच्या मधोमध, साखरेच्या भांड्याजवळ ठेवला होता. ती त्याच्याकडे बघत नव्हती. खिडकीबाहेर, कालव्यापलीकडच्या मेंढ्यांकडे बघत होती. मी मात्र तिच्याकडे बघत होते. वाट बघणाऱ्या माणसाच्या अंगात एक ताण असतो. तो तिच्यात नव्हता. हात मांडीवर ठेवून ती बसली होती, स्टेशनवर शेवटची गाडी गेल्यावर कुणी बसून राहावं तशी.

आणि फोन वाजला. त्रूस मावशींच्या हातातला केक बशीत पडला. योरीनने फोन उचलून पाहिला.

"आई आहे."

"ही बाई," त्रूस मावशी कपाळाला हात लावत म्हणाल्या. "वर्षभर हिला आठवण येत नाही आणि येते ती नेमकी यमाच्या मुहूर्तावर. सांग तिला, फोन ठेव म्हणावं, लाइन मोकळी हवी."

"आई, नंतर करते," योरीन म्हणाली. "नाही, अजून नाही. हो. बरी आहे."

दोन वाजून गेले. शेवटी त्रूस मावशींनी टेबलावर थाप मारली आणि डोळे पुसले. "झालं. पास झालीस, पोरी."

मी उठून योरीनला जवळ घेतलं. तिने माझ्या पाठीवर दोनदा हलकं थोपटलं, जणू धीर मलाच हवा होता.

"झालं," ती म्हणाली. "मी जरा कपडे बदलून येते."

ती वर गेली. तिच्या मागोमाग जावं असं माझ्या पायांना वाटलं. पण त्रूस मावशींनी जिन्याखालच्या कपाटातून झेंडा काढलाच होता. "चल, शिडी धर. मार्चमध्ये अर्ध्यावर लावला होता तुझ्या बापासाठी. आता वरपर्यंत जाऊ दे, त्यालाही दिसेल. तू काठी बसव, तोवर मी दप्तर रिकामं करते."

मी बाहेर शिडीवर चढले. भिंतीतल्या खोबणीत काठी बसवायला जोर लागत होता. पपा ते एका हाताने करायचे. मी खाली उतरले तेव्हा त्रूस मावशी दप्तर घेऊन आल्या होत्या, झटकलेलं, ओल्या फडक्याने पुसलेलं. ते वर चढवलं. समोरून जाणाऱ्या एका बाईने घंटी वाजवली आणि माझ्याकडे बघून ओरडली, "अभिनंदन, बहिणीबद्दल." मी हात हलवला.

दारात योरीन उभी होती. कपडे तेच होते. ती वर बघत होती.

"दप्तरात होतं ते कुठे आहे?"

"वह्या सगळ्या टेबलावर नीट लावल्यात," त्रूस मावशी म्हणाल्या. "आणि अगं बाई, तळाशी तो डबा होता. हरवला म्हणत होतीस ना? पिशवीत गुंडाळून, वर आणखी एक पिशवी. उघडला तर आत काय होतं देव जाणे, काळं-हिरवं लोकरीसारखं. मागच्या ओल्या कचऱ्याच्या पेटीत ओतलं आणि डबा कडकडीत पाण्यानं धुतला. नव्यासारखा झालाय."

योरीनने पुन्हा एकदा वर दप्तराकडे पाहिलं.

"थँक्यू, मावशी," ती म्हणाली. "छान दिसतंय." आणि स्वयंपाकघरातून मागच्या अंगणाकडे गेली.

तिच्या त्या थँक्यूने मी जितकी घाबरले तितकी कुठल्याच किंकाळीने घाबरले नसते. शिडी तशीच सोडून मी मागे धावले.

ती कचऱ्याच्या हिरव्या पेटीशी गुडघ्यांवर बसली होती. पेटी आडवी केली होती आणि खांद्यापर्यंत हात आत घातला होता. आदल्या दिवशी कापलेलं गवत, बटाट्याची सालं, कॉफीचा चोथा बाहेर काढून ती फरशीवर पसरत होती. घाई नव्हती तिला. एकेक मूठ काढून बोटांनी चाळत होती, आणि तिला रडताही येत नव्हतं, फक्त श्वास जोरात येत होता.

"योरीन."

"चीज आणि सफरचंदाचा पाक होता," ती म्हणाली. "मी म्हटलं होतं, पाक नको, चिकट होतं सगळं. त्यांनी घातलाच. मधल्या सुट्टीत खाणार होते. दुसऱ्याच तासाला शिपाई मला बोलवायला आला."

तेव्हा मला कळलं. पपांनी त्या सकाळी भरलेला डबा ती मार्चपासून रोज शाळेत नेत होती आणि परत आणत होती.

"मला माहीत आहे ते सडलंय," ती म्हणाली. "मी वेडी नाही. मला उघडायचं नव्हतं. फक्त असायला हवं होतं."

मी तिच्याजवळ फरशीवर बसले. गवत दमट होतं आणि आंबूस वास येत होता. समोरच्या दारावर कुणीतरी घंटी वाजवली. त्रूस मावशींचा आवाज आला, कुणाला तरी नंतर या म्हणत होत्या.

"ताई, तू आत जा," योरीन म्हणाली. "लोक आलेत."

"येऊ देत." मी तिच्याकडे वळले. "योरीन, मला तुला एक विचारायचंय. किती दिवस विचारायचं म्हणते आहे आणि तोंडून पाऊसपाणीच निघतंय. तुला मरावंसं वाटतं का?"

तिचा हात थांबला. मला वाटलं, ती चिडेल. चिडली असती तर बरं वाटलं असतं. तिने हात बाहेर काढला आणि मांडीवर ठेवला. नखांत काळं गेलं होतं.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मी विचारतेय."

कुंपणापलीकडे कुणाच्या तरी घरी गाणी लागली होती, तिथेही कुणी पास झालं असणार.

"मरायचंच असं नाही," ती म्हणाली. "सकाळी जाग आली की वाटतं, आजचा दिवस माझ्याऐवजी दुसऱ्या कुणी तरी करावा. मग आठवतं, उद्याही आहे. परवाही आहे. मग वाटतं, मी नसलेच तर कुणालाच करावा लागणार नाही. असं. रोज."

"कधीपासून?"

"परीक्षा होती म्हणून चाललं. परीक्षेपर्यंत जायचं, एवढं मी ठरवलं होतं. पुढचं काही ठरवलंच नाही." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "म्हणून फोन वाजला असता तर बरं झालं असतं. मग आणखी एक वर्ष मिळालं असतं."

मी तिचा कळकट हात धरला. काय बोलायचं ते मी वाचलेल्या पुस्तकांमध्ये होतं, पण त्यातलं एकही वाक्य मला आठवलं नाही. "मलाही सकाळी उठवत नाही," एवढंच म्हणाले. "दुकानात पपांची जर्सी आहे. मी तिच्याकडे पाहत नाही."

"मी पाहते," योरीन म्हणाली. "तू उत्रेख्तला रजेचे कागद आणायला गेलीस की मी तिथे जाऊन बसते."

आणि मग ती रडली. आवाज न करता, तोंड उघडं ठेवून, लहान मूल पडल्यावर आधी श्वास कोंडून धरतं तशी. मी तिला धरून ठेवलं. मला रडू आलं नाही. माझं पुढे कधीतरी येईल.

स्वयंपाकघराच्या दारात त्रूस मावशी आल्या होत्या. हातात तो धुतलेला डबा होता. त्यांनी पसरलेलं गवत बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि त्यांचा ताठ चेहरा एकदम उतरला.

"मला वाटलं, विसरली असशील," त्या म्हणाल्या. "अगं पोरी. मला वाटलं, घाण आहे."

"घाणच होती, मावशी," योरीन म्हणाली, नाक पुसत.

"तरी मी विचारायला हवं होतं."

मावशी वाकल्या, आपल्या चांगल्या स्कर्टची पर्वा न करता, आणि कचरा परत पेटीत भरायला लागल्या. कसला तरी तपकिरी चिकट तुकडा त्यांच्या हाती आला. त्यांनी तो योरीनसमोर धरला. योरीनने मान हलवली. बटाट्याचं साल होतं.

"दवाखाना पाचपर्यंत उघडा असतो," मी म्हणाले. "आपण डॉक्टरांकडे जाऊ या. आत्ता."

"आज? माझा निकाल आहे आज."

"हो. म्हणूनच."

"लोकांना काय सांगणार?"

"लोकांचं मी बघते," त्रूस मावशी खाली बघतच म्हणाल्या. "सांगेन, पोरी आईस्क्रीम खायला गेल्यात. केक मी खपवीन. तुम्ही जा."

आम्ही हात धुतले आणि सायकली काढल्या. वारा समोरून होता. रस्ताभर काठ्यांना दप्तरं लटकत होती, लाल, काळी, एक फुलाफुलांचं. योरीन माझ्यापुढे चालवत होती आणि मी तिच्या पाठीवरून नजर हलवली नाही. पाठीवर दप्तर नव्हतं, त्यामुळे ती फार अरुंद दिसत होती.

दवाखान्याच्या काउंटरवर आस्त्रिद होती. डॉक्टरांच्या वेळेवर तिचा पहारा असतो. ताप असला तरी ती आधी दोन गोळ्या घेऊन झोपायला सांगते.

"अरे, अभिनंदन," ती म्हणाली. "येताना तुमचं दप्तर बघितलं मी. काय, पार्टी सोडून इकडे कशा?"

"डॉक्टरांना भेटायचं होतं," मी म्हणाले.

"नाव नोंदवलंय? नाही? मग सोमवार सकाळ देते. की घाईचं आहे?"

मागच्या खुर्चीवर अंगठ्याला पट्टी बांधलेला एक मध्यमवयीन माणूस बसला होता. त्याच्यासमोर योरीनचं काय सांगावं, ते मला सुचेना. सांगण्याचा अधिकार माझा आहे का, तेही कळेना.

"घाईचं आहे," योरीन म्हणाली. "सोमवारपर्यंत नाही जमणार."

आस्त्रिदने तिच्याकडे पाहिलं, तिच्या नखांकडे पाहिलं. "कुणाला दाखवायचंय?"

"मला."

आस्त्रिद आणखी काही न विचारता उठली आणि आत गेली. परत आली ती हलक्या आवाजात बोलत. "बस तू. यांच्यानंतर लगेच तूच."

"माझा अंगठा काही पळून जात नाही," तो माणूस म्हणाला. "तिला जाऊ द्या आधी."

दार उघडलं. योरीन उभी राहिली आणि माझ्याकडे वळली.

"तू येणार आत?"

"तुला हवं असेल तर."

तिने विचार केला. "अर्धा वेळ. आधी मी एकटी. मग हाक मारते."

दार लागलं. मी अंगठेवाल्या माणसासमोर बसले. कोपऱ्यात रेडिओ मंद चालू होता. आतून आधी डॉक्टरांचा आवाज आला. त्यानंतर योरीनचं रडणं ऐकू आलं, घरच्यासारखं मुकं नव्हतं ते, मोठं, बेसूर, शब्द मध्येच तुटलेले.

त्या माणसाने खाली बघितलं. मग सभ्यपणे हात लांबवून त्याने रेडिओचा आवाज वाढवायला बटण धरलं.

"नको," मी म्हणाले. "राहू द्या तसाच."